नोटीस न देता



न्यायाधीशाने कायदा कसा वाचावा, हा प्रश्न वरवर पुस्तकी वाटतो. जुलै १९८१ मध्ये मात्र तो मुंबईच्या फुटपाथवर येऊन ठेपला. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी धाडण्याचे जाहीर केले आणि भर पावसाळ्यात झोपड्या पडू लागल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांपैकी पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ते ओळखले जाते.

महापालिकेच्या हाती १८८८ चा कायदा होता. त्याच्या कलम ३१४ प्रमाणे रस्त्यावरचे अतिक्रमण आयुक्तांना नोटीस न देता हटवता येते. शब्द स्वच्छ होते. मग नोटीस द्यायचीच कशाला, असा पालिकेचा सवाल. पाच न्यायाधीशांच्या पीठातर्फे निकाल लिहिताना सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी तेच शब्द बारकाईने वाचले. नोटीस न देता हटवता येईल, म्हणजे नोटीस देऊच नये असे नव्हे. ती मुभा तातडीच्या प्रसंगापुरती. एरवी माणसाचे म्हणणे आधी ऐकायचेच. कायद्याचे एक अक्षरही न बदलता कलम राज्यघटनेशी जुळले. कलम रद्द केले नाही, पदरचे काही त्यात घुसडलेही नाही. मला हे वाचन फार मोलाचे वाटते.

अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्कात उपजीविकाही येते, हे याच निकालाने सांगितले. काम जिथे मिळते तिथून माणसाला उठवले की त्याच्या पोटावरच पाय येतो, हे न्यायालयाने ओळखले होते.

माझी तक्रार पुढची आहे. अर्जदारांचे म्हणणे आम्हीच सविस्तर ऐकले, असे सांगून न्यायालयाने आयुक्तांपुढे पुन्हा सुनावणी ठेवली नाही. पावसाळ्यानंतर महिनाभर, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, मुदत तेवढी दिली. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्या फुटपाथवासीयांना मुंबईतल्या मालवणीत जागा द्यावी असेही म्हटले, पण ती हटवण्याची पूर्वअट नव्हे, हेही लगेच जोडले. म्हणजे बिऱ्हाड आधी उचलायचे, जागेचे मागाहून पाहायचे.

हक्काचा अर्थ निकालपत्राच्या मधल्या पानांवर लावून भागत नाही. तो शेवटच्या आदेशात उतरावा लागतो. उपजीविका हे जीवित आहे असे म्हणणाऱ्या न्यायालयाने, जागा दिल्याशिवाय कोणाला उठवू नका, असा हुकूम द्यायलाच हवा होता.