हॅनिबल गांवचें बालपण
(ज्युबिलीच्या सभेंत दिलेलें भाषण)



ज्युबिलीचा मंडप उभा राहिला, कीं वडील मंडळींस बालपण आठवूं लागतें. त्या काळचा पाऊस अधिक, आंबे अधिक गोड आणि मास्तरांची छडी तर हटकून हातभर अधिक लांब! याबद्दल कोणास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. बालपणाच्या आठवणींनीं ज्यानें सगळ्या जगास हंसविलें, त्या मार्क ट्वेनविषयीं आज आम्ही चार शब्द बोलणार आहों.

त्याचें खरें नांव सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म १८३५ सालचा. अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत, मिसिसिपी नदीच्या कांठीं हॅनिबल म्हणून गांव आहे. १८३९ सालीं त्याचें कुटुंब तेथें आलें. पुढें एकदां गांवांत गोंवराची सांथ पसरली. मुलें दगावूं लागलीं. गोंवर आज येतो कीं उद्यां, या धास्तीस कंटाळून आमची ही स्वारी एका आजारी सोबत्याच्या अंथरुणांत शिरली! गोंवरानें त्यास मरणाच्या दारापर्यंत नेलें. पण खाटेभोवतीं जमलेले आप्तेष्ट पाहून आपणांस मोठी मौज वाटली, असें तो आत्मवृत्तांत सांगतो.

१८७६ सालच्या ‘टॉम सॉयर’ या पुस्तकांत त्यानें याच गांवाचें रूप रंगविलें. टॉमला कुंपणास चुना लावावयाचा होता. त्यानें ही शिक्षा म्हणजे दुर्मिळ मान आहे, असा आव आणला. तेव्हां सोबत्यांनीं पतंग, इतकेंच नव्हे तर दोरी बांधलेला मेलेला उंदीर देऊन तें काम विकत घेतलें! देवळास चुना लावण्याचे दिवस आले, कीं अशा टॉमची आम्हांस फार गरज भासते.

परंतु हंसण्याखालीं एक गोष्ट दबून राहिली होती. १८९६ च्या जानेवारींत तो मुंबईस आला. उतरल्या ठिकाणीं एका युरोपियनानें, काम मनासारखें झालें नाहीं म्हणून, एका देशी नोकराच्या तोंडांत मारली. नोकर कांहीं बोलला नाहीं. त्या एका चपराकीनें साठ वर्षांचा हा मनुष्य क्षणांत मिसूरीस पोंचला. तेथें १८६५ पर्यंत गुलामगिरी होती. दहा वर्षांचा असतां त्यानें पाहिलें होतें, कीं कामांत थोडा गबाळेपणा झाला म्हणून एकानें गुलामास लोखंडी दगड फेंकून मारला. तासाभरांत तो गुलाम मेला. गांवांत कोणास तें आवडलें नाहीं. पण कोणी फारसें बोललेंही नाहीं. हें सारें त्यानें १८९७ च्या आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेविलें आहे.

बंधुभगिनींनो, आठवण अशीच निवड करीत असते. उंदीर आणि पतंग ती हौसेनें जपते. मुकाट मार खाणारा मनुष्य तिच्या हातून निसटतो, आणि त्यास परत आणावयास कधीं कधीं पन्नास वर्षें लागतात.

म्हणून नातवंडांस जुन्या गोष्टी अवश्य सांगा, पोट धरून हंसवा. पण ज्यांनीं पाणी भरलें, दगड वाहिले, आणि ज्यांस हांक मारतांना कोणी नांवही उच्चारलें नाहीं, त्यांनाही त्या गोष्टींत बसावयास जागा द्या. मग आपलें हंसणें अधिक मोकळें होईल.