सही करण्याआधी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या समारंभात मी पानसुपारीच्या तबकामागे उभी असते. यंदा अध्यक्षीणबाईंनी मला पुढे बोलावले आणि तुमच्या घरच्या त्या टेबलाची हकिकत सांगा, अशी आज्ञा केली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. तेव्हा घरात घडले तेच जसेच्या तसे सांगते. त्यात माझी चूक आहे, तीही सांगते. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठीच मी उभी राहिले आहे.

आमचे मामंजी ऐंशीच्या पुढे गेले आहेत. त्यांची सारी नोकरी मुंबईच्या एका क्लबात मार्कर म्हणून झाली. मार्कर म्हणजे बिलियर्डच्या टेबलाजवळ उभा राहून खेळणाऱ्यांचे गुण मांडणारा, काठ्या पुसून देणारा आणि रात्री टेबलावर कापड घालणारा माणूस. पुण्याचे विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात या खेळाचे जगज्जेते झाले आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा झाले. त्या दुसऱ्या खेपेला मामंजी नुकतेच कामाला लागले होते. ते नाव ते अजून भक्तिभावाने घेतात. पण सारा जन्म टेबलाशेजारी काढूनही स्वतः खेळायला मिळे ते क्लब बंद झाल्यावर, निम्मे दिवे मालवून, दहा-पाच मिनिटे.

माझा थोरला नवी मुंबईत नोकरीला आहे. त्याने मनात घेतले की आजोबांचे स्वतःचे टेबल असावे. बिलियर्डचे मोठे टेबल आमच्या घरात कुठले मावणार? म्हणून त्याने आठ फुटी पूलचे टेबल घेतले. त्यावर आकडे घातलेले पंधरा रंगीत बॉल असतात आणि एक पांढरा. किंमत १,२५,००० रुपये. पैसे सगळे आगाऊ भरले. आमची पहिली चूक तिथेच झाली.

टेबल आले तो दिवस बुधवारचा. हे कामावर गेलेले, आणि मामंजींना डोळ्यांच्या तपासणीसाठी धाकट्याने पनवेलला नेलेले. घरात मी एकटी. टेम्पोतून चौघे उतरले. पहिलाच प्रश्न, "घरात कोणी जेन्ट्स नाही का?" मी नाही म्हटले, आणि जणू घरात कोणीच नाही असे धरून ते कामाला लागले.

भगिनींनो, चांगल्या टेबलाचा वरचा पृष्ठभाग लाकडाचा नसतो. तो पाटीच्या दगडाचा असतो, आणि त्यावर हिरवी बनात ताणून बसवलेली असते. आमच्या टेबलाला दगडाचे तीन पाट होते. एकेक पाट उचलायला दोन-तीन गडी लागतात. त्या माणसांना पुढे अलिबागला जायची घाई होती. एक पाट त्यांनी उंबऱ्यावर आपटला, दुसऱ्याने बैठकीची एक फरशी फुटली. पायाखाली खोक्याचे पुठ्ठे फाडून घातले, बनात ओढली, खिळे मारले, आणि तासाभरात कागद पुढे केला. "काकू, सही करा, उशीर होतोय."

कागदावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. मला त्या वाचता आल्या नाहीत, आणि विचारायला संकोच वाटला. चार परपुरुष घरात उभे, त्यांना थांबवून ठेवायचे कसे? मी सही केली. वर त्यांना चहाही पाजला.

संध्याकाळी मामंजी आले. त्यांनी आधी हात धुतले, मग टेबलाजवळ गेले. काठीला हात लावला नाही. पांढरा बॉल टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि बोट काढून घेतले. बॉल आपला आपण निघाला, सावकाश दारापासच्या कोपऱ्याकडे गेला आणि भोकात पडला. त्यांनी तो काढून पुन्हा मध्यावर ठेवला. पुन्हा तसेच. मग त्यांनी टेबलावर कापड घातले, जसे चाळीस वर्षे घालत आले तसे, आणि "छान आहे हो सूनबाई," म्हणून आत निघून गेले. नातवाने प्रेमाने घेतलेल्या वस्तूला नाव कसे ठेवायचे, हा त्यांचा विचार. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला. उत्तर मिळाले, "तुमच्या घरच्यांनी सही केली आहे. माल चांगल्या स्थितीत मिळाला आणि बसवणी समाधानकारक झाली, असे त्यावर लिहिले आहे." त्या दोन ओळींचा अर्थ मला असा कळला. हे रागावले, "न वाचता सही कशाला केलीस?" बोलणे खरे होते, म्हणूनच लागले.

माझे माहेर रोह्याचे. धाकटा भाऊ बांधकामाची कामे घेतो. त्याला कळवले तेव्हा तो सकाळच्या गाडीने पाणसळ पिशवीत घालूनच पेणला आला. त्याने पाणसळ आधी जमिनीवर ठेवली, मग टेबलावर लांबीत, रुंदीत आणि कर्णात. म्हणाला, "ताई, फरशी धुतल्यावर पाणी निघून जावे म्हणून आपल्याकडे दाराच्या बाजूला उतार ठेवतात. तो दोष टेबलाचा नाही. पण प्रत्येक पाया वेगळा उंच-खाली करून तो उतार भरून काढायचा असतो. यांनी पुठ्ठे कोंबले. आपल्या हवेत पुठ्ठा दमट होऊन आणखी बसणार." मग बनातीवरून हात फिरवला तर सांधा बोटाला लागला. दोन पाट एका पातळीत नव्हते. एका पाटाचा कोपरा तुटला होता आणि तो बनातीखाली झाकला होता.

त्या दुपारी आम्ही बहीणभाऊ बसलो. दोषांचे फोटो काढले. बॉल आपोआप घरंगळतो, त्याचे मोबाइलवर चित्रण केले. मग मी माझ्या हाताने मराठीत एक पत्र लिहिले. माल कोणत्या तारखेला आला, पावतीचा क्रमांक काय, एकूण दोष पाच, ते एकाखाली एक, आणि शेवटी मागणी: तुटका पाट बदलून द्या, जाणता कारीगर पाठवून टेबल पुन्हा बसवा, पंधरा दिवसांत उत्तर द्या. रागाचा शब्द एकही घातला नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवले आणि त्याची नक्कल ठेवली. थोरल्याने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला.

आपल्याला कायदा काय करायचा, असे आपण म्हणतो. पण ग्राहकांचा कायदा १९८६ साली झाला, आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे दुकान मुंबईत असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्याला अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

आम्हाला तिथवर जावे लागले नाही. तिसऱ्या आठवड्यात दुकानाचा कारीगर नवा पाट घेऊन आला. वयस्क, शांत माणूस. म्हणाला, "आधी आले ते माल पोचवणारे होते, बसवणारे नव्हते." ही गोष्ट आम्ही विकत घेतानाच विचारायला हवी होती. त्याने सारे टेबल उतरवले. पहिल्यांदा नुसता सांगाडा पायांचे पेच फिरवून पाणसळीत आणला. मग पाट मांडले, कमी पडेल तिथे पातळ चकत्या सरकवल्या, सांधे मेणाने भरून तासून काढले, आणि शेवटी बनात ताणली. सकाळी लागला तो दिवेलागणीला उठला. मामंजी दिवसभर त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसले होते.

मग कागद आला. मी म्हटले, "थांबा. आधी आमचे मामंजी बघतील." मामंजींनी चारही बाजूंनी बॉल सोडून पाहिला, मध्यावर ठेवून पाहिला. बॉल ठेवला तिथेच राहिला. त्यांनी मान हलवली. मग मी कारीगराकडून इंग्रजीचा अर्थ सांगून घेतला, सहीच्या वर मराठीत लिहिले, "टेबल ठीक बसवले. आधीच्या माणसांकडून एक फरशी फुटली, ती भरून मिळाली नाही," आणि त्याखाली सही केली. फरशीचे पैसे अजून आलेले नाहीत. ती फुटकी फरशी मी तशीच ठेवली आहे, मला आठवण राहावी म्हणून.

मैत्रिणींनो, आपण पेणच्या. इथे, हमरापुरात आणि जोह्यात गणपती टेम्पोत चढण्याआधी घेणारा व्यापारी प्रत्येक मूर्तीची बोटे, कान, सोंड निरखून पाहतो. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. भंगलेली मूर्ती आपण पाटावर ठेवत नाही. मग शीतकपाट, शिलाईयंत्र, कपाट घरात येते तेव्हाच आपली नजर खाली का जाते?

आपल्या आधीच्या बायका लाजल्या नाहीत. १९७२ च्या महागाईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर हजारो गृहिणी लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर आल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली, तिथे शेजारपाजारच्या घरांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र आणतात आणि आपापसांत वाटून घेतात. एकटीला जे बोलता येत नाही, ते चौघींना येते.

म्हणून माझी एक सूचना आहे. कोणाच्या घरी मोठी वस्तू यायची असेल तर तिने शेजारच्या दोघींना बोलावून घ्यावे. पोचवणार कोण आणि बसवणार कोण, हे आधीच विचारावे. थोडी रक्कम बसवणी झाल्यावर देण्याची बोली करावी. खोके आपल्यासमोर उघडावे, वस्तू चालवून पाहावी. दोष दिसला तर पावतीवरच लिहावा, मराठीत लिहावा. चहा जरूर द्यावा, पण सहीच्या नंतर.

आपल्या आया-आज्यांपैकी कित्येकजणी अंगठा उठवीत. आपल्याला सही येते. ती आपल्या शब्दाची खूण आहे, कोणाची घाई भागवण्यासाठी नाही.

मामंजी रोज संध्याकाळी खेळतात. आता गुण मी मांडते. टेबल पाहायला सर्वांनी अगत्य यावे.