अपडेटांची शेजपाळी

ज्या शाळेंत माझीं बरींच वर्षें गेलीं, तेथील संगणकांच्या खोलींत वीस यंत्रें होतीं आणि त्यांना बाहेरच्या जगाशीं जोडणारी तार मात्र एकच. एका बुधवारीं सकाळीं दहावीच्या परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरावयाचे होते. मुदतीचा तो शेवटचा दिवस. पालक दारांत उभे, लिपिक पडद्यासमोर, आणि पडद्यावर एक चक्र गरगर फिरत राहिलेलें! शोध घेतां असें निघालें कीं, विसांपैकीं प्रत्येक यंत्र त्याच क्षणीं एकच वस्तु दूरदेशाहून मागवीत होतें. त्या वस्तूला अपडेट म्हणतात.

बुधवारच कां? मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ पासून आपल्या प्रणालींतील दोषांवरील दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं प्रसिद्ध करते. तिकडे अमेरिकेंत सकाळ असते, तेव्हां आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात व कचेऱ्या कुलुपबंद असतात. बुधवारीं कुलुपें निघतात, आणि सर्व यंत्रें एकदम तहानलेलीं जागीं होतात.

मास्तरी हिशेब करून पाहूं. समजा, अपडेट ५०० मेगाबाइटांचें आहे व तार सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेते. एका बाइटाचे आठ बिट. वीस यंत्रांनीं वीस प्रती आणल्या तर दोन तास तेरा मिनिटें तार दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नाहीं. प्रत एकच आणली तर सात मिनिटेंहि लागत नाहींत. हा झाला एका खोलीचा हिशेब. शेंकडों शाखांच्या पेढीची कल्पना आपणच करावी.

आम्हीं तेव्हां सोपा उपाय केला. अपडेट घेणेंच बंद केलें. तो उपाय नव्हता, हें मला मागाहून कळलें. वॉनाक्राय नांवाचा संगणकी उपद्रव १२ मे २०१७ रोजीं जगभर पसरला. रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत अनेकांच्या फायली त्यानें कुलूपबंद केल्या व सोडविण्यास खंडणी मागितली. तो ज्या भगदाडांतून शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती १४ मार्चलाच प्रसिद्ध झाली होती! मध्यें जवळजवळ दोन महिने गेले होते. ज्यांनीं ती घेतली नाहीं, त्यांत आमच्यासारखे तार वांचविणारेहि असले पाहिजेत.

करमाळ्यास कमलाभवानीच्या देवळाजवळ शहाण्णव पायऱ्यांची विहीर आहे. दर पेल्यासाठीं तितक्या पायऱ्या कोणी उतरत नाहीं. घरांत रांजण भरून ठेवतात. मोठ्या संस्थांनीं हेंच केलें. प्रत्येक शाखेंत एक यंत्र रांजणासारखें ठेवावयाचें. त्यानें मुख्य कचेरींतून एकदांच प्रत आणावी व बाकीच्यांनीं ती त्याच्याकडून घ्यावी. २०१५ सालच्या विंडोज १० पासून तर शेजारचीं यंत्रेंच एकमेकांना तुकडे पुरवूं शकतात. शेजाऱ्याची नक्कल करणाऱ्या मुलाला आम्हीं बांकावर उभें करीत असूं. येथें ती चालते, कारण प्रत्येक तुकडा मूळ ठिकाणाहून आलेल्या खुणेशीं ताडून मगच स्वीकारला जातो. खूण जुळली नाहीं कीं तुकडा टाकून देतात. शिवाय पुस्तकांत चार चुका निघाल्या म्हणून सगळें पुस्तक पुन्हां छापीत नाहींत, शुद्धिपत्र जोडतात. तसा केवळ बदललेला भागच पाठविण्याची सोयहि आहे.

पण रांजण भरावयाचे तरी सर्वांनीं एकाच वेळीं कां? उजनीच्या कालव्याशीं परिचय असलेल्या आमच्या जिल्ह्याला शेजपाळी हा शब्द सांगावयास नको. पाणी पाळीनें मिळतें, आणि पाळी चारीच्या शेवटच्या टोंकापासून सुरू करावी, असा दंडक आहे. वरच्यानें आधीं भरून घेतलें तर खालच्याकडे ओलहि पोंचत नाहीं. मला वाटतें, शहरांतल्या कचेरींत बसून वेळापत्रक आखणाऱ्यानें हा दंडक भिंतीवर लावावा. त्याची तार जाड असते. तालुक्याच्या शाखेची बारीक. हिशेब बारीक तारेवरून मांडावा.

पाळीचा आणखी एक लाभ आहे. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष दुरुस्ती एकदम सर्वत्र गेली. सुमारें सव्वा तासांत ती मागें घेतली, तोंवर जगांतील ८५ लक्ष यंत्रें बंद पडलीं होतीं. आपल्या विमानतळांवर हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आपल्या डाक खात्यानें २०२५ मध्यें नवी प्रणाली आणतांना आधीं कर्नाटकांत चाचणी घेतली, मग एकेक विभाग करीत ४ ऑगस्टला देशभरचें काम पुरें केलें. पाहणाऱ्याला हें संथ वाटतें. पण कचेऱ्या दीड लक्षांहून अधिक आहेत.

आमच्या शाळेंत पुढें एका जुन्या यंत्राला रांजण केलें आणि पाळी रात्रीची ठेविली. तरी बुधवारीं तार तुंबलेलीच! आमचा शिपाई मोठा दक्ष. सायंकाळीं मुख्य बटण बंद केल्यावांचून घरीं जात नसे, आणि या नव्या व्यवस्थेविषयीं त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें. त्याला शेजारीं बसवून सगळें समजावलें, तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, आधीं सांगायचं होतंत.” त्या यंत्राची वीज वेगळ्या बटणावर घेऊन तेथें चिठ्ठी लावली. अक्षर त्याचेंच होतें.