पाणी आले, आता वाटायचे कसे?

(विटा येथे तरुण शेतकरी आणि विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शेतीतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि गेली दहा-बारा वर्षे सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो. आकडेमोड करणे हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे आज मी तुमच्यापुढे भाषण कमी आणि हिशेब जास्त मांडणार आहे. हिशेब पाण्याचा आहे, आणि तो विट्यातच मांडायला हवा.

आपला खानापूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कृष्णा ज्या महाबळेश्वरात उगम पावते तिथे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. पूर्वेला आटपाडीकडे गेलात तर त्याहून कमी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहर महापुरात बुडाले होते आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडची गावे टँकरवर होती. एकाच जिल्ह्यात एका टोकाला नावा आणि दुसऱ्या टोकाला टँकर!

या कोरडेपणानेच आपला तालुका घडवला. विट्याचे आणि आसपासच्या गावांचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळायला देशाच्या कानाकोपऱ्यात गेले. विट्यात यंत्रमाग आले. अनेक घरांतली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. आपल्या कर्तबगारीचे कौतुक जरूर करावे, पण शेतात पाणी नव्हते म्हणून माणसे बाहेर पडली, हेही विसरू नये.

मग पाणी आले. ते कसे आले, हे तरुणांनी नीट समजून घ्यावे. बच्छावत लवादाने १९७६ मध्ये कृष्णेच्या पाण्यातला ५६० टीएमसी वाटा महाराष्ट्राला दिला. तो २००० सालापर्यंत अडवायचा आणि वापरायचा होता. त्यासाठी १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना वेग आला. पण कागदावरची योजना आपोआप शेतात उतरत नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसे तिथे वर्षानुवर्षे जमत राहिली. आज टेंभूचे पाणी दिसते, त्यामागे ही रेटा लावणारी माणसे आहेत.

आता हिशेबाकडे येतो.

टेंभू योजना कराड तालुक्यात कृष्णेवरून पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्याने पंप लावून वर चढवते. धरणाच्या कालव्यातले पाणी उताराने येते, त्याला वीज लागत नाही. आपले पाणी उलट्या दिशेने येते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला भौतिकशास्त्राच्या नियमाने ०.२७ युनिट वीज लागतेच. पंप आणि मोटारीतली गळती धरली तर सुमारे ०.४ युनिट. समजा, एखाद्या शेतापर्यंतची एकूण चढण दोनशे मीटर आहे. मग दर घनमीटरला ०.८ युनिट.

उसाला मोकाट पाणी दिले तर वर्षभरात साधारण दोन हजार मिलिमीटर लागते. त्यातले पाचशे पावसाचे धरा. उरलेले दीड हजार मिलिमीटर योजनेतून आणायचे. एका एकराला हे झाले सुमारे सहा हजार घनमीटर. गुणाकार करा: एका एकर उसाला ४,८०० युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या चार घरांची वर्षभराची वीज एका एकरात जाते. आणि यात कालव्यातली गळती, बाष्पीभवन धरलेलेच नाही.

आता दुसरी बाजू. रब्बीच्या ज्वारीला ऐन गरजेच्या वेळी ७५ मिलिमीटरच्या दोन पाळ्या मिळाल्या तर पीक हाताला लागते. एकराला सहाशे घनमीटर. म्हणजे एका एकर उसाच्या पाण्यात दहा एकर ज्वारी वाचते. हे दहा एकर एकाच माणसाचे नसतात. ती पाच-सहा घरे असतात. एक एकर ऊस की पाच-सहा घरांची ज्वारी आणि कडबा, हा प्रश्न म्हणून पाणीवाटपाचा आहे.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे, सोसायटीचे कर्ज मिळते. ज्वारी, करडई, मटकीला यातले काय आहे? माणूस भरवशाच्या पिकाकडे वळणारच. पण नदीकाठची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. वाळवा, पलूस, मिरज भागात वर्षानुवर्षे पाटाने पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या. ज्यांना पाणी कधी कमी पडले नाही, त्यांच्या जमिनी पाण्याने गेल्या. आपल्याकडे पाणी आत्ता कुठे आले आहे, त्यामुळे तीच चूक टाळण्याची संधी आपल्याला आहे.

कुणी म्हणेल, ठिबक केले की सगळे सुटते. ठिबक हवेच. खानापूरच्या पूर्व भागातल्या द्राक्षबागा आणि आटपाडीचे डाळिंब ठिबकवरच उभे राहिले. पण ठिबकला पाणी रोज थोडे थोडे लागते आणि योजनेचे पाणी आवर्तनाने येते. दोन आवर्तनांमधले दिवस काढायचे तर शेततळे हवे, त्याला प्लॅस्टिकचा कागद हवा, मोटार हवी, फिल्टर हवा. योजनेचे पाणी तलावात सोडले की तलावापासून शेतापर्यंतची पाइपलाइन ज्याची त्याने करायची. लाखांत खर्च जातो. अनुदान मिळते, पण बहुधा आधी खिशातले पैसे घालावे लागतात. वीज रात्रीची आली तर रात्री उठावे लागते. दोन एकरवाला यातले किती करणार? सरकारी पैशाने नदीतून वर चढलेले पाणी शेवटच्या एक-दोन किलोमीटरमध्ये ऐपतीप्रमाणे वाटले जाते. माझ्या मते कोरडवाहू भागातल्या सिंचनाची खरी अडचण इथे आहे.

वीजबिलाचेही तसेच. पूर्वी बिल थकले की पंप बंद पडायचे आणि नेमके उन्हाळ्यात पीक वाळायचे. आता बिलाचा ८१ टक्के भार शासन उचलते आणि १९ टक्के लाभधारकांनी भरायचा, असे ठरले आहे. ८१ टक्के जनतेचा पैसा आहे. त्यात यंत्रमागावरच्या मजुराचाही कर आहे. मग या पाण्यावर त्याचा काहीच हक्क नाही का?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. पाण्याचा हक्क आज सातबाराला बांधलेला आहे. आपल्या गावांतली मुलाणी, आतार, शिकलगार, तांबोळी कुटुंबे पाहा. बहुतेकांकडे जमीन नाही, किंवा असलीच तर तुकडा. दलित, भटक्या समाजांचीही तीच गत. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव सातबारावर क्वचित असते. जमीन नाही म्हणून पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त मजुरी.

याला पर्याय आपल्याच तालुक्याने दाखवला आहे. १९८२-८३ च्या दुष्काळात आणि गिरणी संपाच्या काळात मुंबईहून परतलेले कामगार आणि इथले शेतकरी यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. येरळेची वाळू उपसून ठेकेदार नेत होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी विचारले, वाळू आमची तर पैसा बाहेर का? त्यांनी मर्यादित वाळू विकून, श्रमदान करून बळीराजा स्मृती धरण बांधले. अभियंते के. आर. दाते यांनी त्यांना तांत्रिक साथ दिली. धरण लहानच, पण त्याचा नियम मोठा होता: भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा सारखा वाटा. त्याआधी पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत हेच सूत्र वापरले होते. पाणी जमिनीवर नाही, माणशी द्यायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस नाही आणि भूमिहीनालाही वाटा. साळुंखे हेही इंजिनिअरच होते. आम्हा इंजिनिअर मंडळींना ही परंपरा कॉलेजात कुणी शिकवत नाही.

भूमिहीन माणूस पाण्याचे काय करणार, असे विचारतात. तो आपला वाटा घेऊन कोरडवाहू शेतकऱ्याबरोबर वाट्याने शेती करेल. एकाची जमीन, दुसऱ्याचे पाणी. मग त्याला बांधावर उभे राहून काम मागावे लागणार नाही, बरोबरीने बसून बोलता येईल.

मग करायचे काय? मला चार गोष्टी सुचतात.

एक, पाणी मोजून घ्यायचे. बंदिस्त नलिकेतून आलेले पाणी मीटरने मोजता येते. कुणाला किती घनमीटर मिळाले, हे दर आवर्तनानंतर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे. यासाठी फार मोठे सॉफ्टवेअर लागत नाही, एक तक्ता पुरतो. मोबाइलवर तो ठेवायला गावातली दहावी-बारावीची मुलेमुली पुरेशी आहेत. त्यांना शिकवायला मी येईन.

दोन, २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांना पाणी वापर संस्था काढता येते. त्यात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या टोकाचे प्रतिनिधी असायला हवेत. आपल्या गावात ती संस्था आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे उद्या जाऊन विचारा.

तीन, आधी टेलला पाणी, मग वर. शेवटच्या शेताला पाणी पोचले की मधल्यांना आपोआप पोचते.

चार, नवे वाटप ठरेल तिथे भूमिहीन आणि स्त्रियांच्या हिश्श्याची मागणी ग्रामसभेत लेखी मांडायची. ठराव एकदा फेटाळला तर पुन्हा मांडायचा. आटपाडीची परिषद एका वर्षात यशस्वी झाली नव्हती.

आपल्या भागातल्या माणसांनी पाणी मागायला तीस वर्षे एकत्र घालवली. त्या मेळाव्यांत कुणी कुणाची जात किंवा धर्म विचारला नाही, कारण कोरड सगळ्यांच्या घशाला होती. आता पाणी आल्यावर आपण वेगवेगळे झालो, तर ज्यांनी हे पाणी आणले त्यांच्याशी ती बेइमानी होईल. पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी हजर राहा, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.