बांधलेला राखणदार



बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी आपण सर्वांनीच वाचली आहे. पाटी वाचून आपण दबकत आत पाऊल टाकतो. आणि मग दिसते काय? व्हरांड्याच्या खांबाला, नाहीतर मोटार ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चार फूट साखळीला एक कुत्रा अडकवलेला असतो. तो भुंकत असतो, साखळीला हिसके देत असतो, आणि मालक आतून म्हणतात, “या, या, घाबरू नका. बांधलेला आहे!” आपला जीव भांड्यात पडतो. त्या क्षणी आपल्याला आपली काळजी असते, कुत्र्याची नसते. आज थोडा वेळ त्या कुत्र्याचा विचार करू या.

‘बांधलेला आहे’ म्हणजे किती वेळ बांधलेला आहे? पाहुणे येऊन जाईपर्यंत बांधला असेल, तर त्यात वावगे काही नाही. पण पुष्कळ घरी असे असते, की पिल्लू म्हणून आणलेला मोत्या सहा महिने मुलांच्या मांडीवर वाढतो. मग तो मोठा होतो, अंगाला वास येऊ लागतो, चपला कुरतडतो, आणि एके दिवशी त्याची रवानगी अंगणात होते. पहिले चार दिवस तो रात्रभर रडतो. मग शेजारी तक्रार करतात, मालक दरडावतात, आणि हळूहळू मोत्या गप्प होतो. घरची माणसे म्हणतात, “आता सवय झाली त्याला.” ती सवय पुढे दहा-बारा वर्षे चालते.

जरा गणित करून पाहा. साखळी चार फुटांची असली, तर तिच्याभोवती जे वर्तुळ पडते त्याचे क्षेत्रफळ सुमारे पन्नास चौरस फूट भरते. कुत्रा भिंतीतल्या कडीला बांधला असेल, तर त्याचे निम्मे, म्हणजे पंचवीस. एवढ्या जागेत त्याने खायचे, प्यायचे, झोपायचे आणि तिथेच घाणही करायची. कुत्रा हा जात्या स्वच्छ प्राणी आहे. होता होईल तो आपल्या झोपण्याच्या जागी तो घाण करीत नाही. त्याला ती करायला लावणे, हीच पहिली शिक्षा. अशा कुत्र्याची जागा ओळखू येते. त्या वर्तुळात गवत उगवत नाही. माती घोटून गुळगुळीत झालेली असते, आणि कडेला नखांनी उकरलेली एक गोल चाकोरी पडलेली असते.

यावर आपल्याकडे एक उत्तर ठरलेले आहे. “अहो, जनावर आहे ते. जनावर बांधायचंच असतं. गोठ्यातली गुरं नाही का आपण बांधत?” पण हा दाखला देणाऱ्याने गोठ्याकडे नीट पाहिलेले नसते. बैल रात्री दावणीला असतो, पण सकाळी त्याचे दावे सुटते; तो औताला जातो, गाडीला जातो. गाय-म्हैस चरायला जाते, ओढ्यावर पाणी पिऊन येते. बैलाला नुसताच बारा महिने खुंट्याला ठेवील, असा शेतकरी विरळा. त्याला ठाऊक असते, की उभ्या जनावराचे पाय धरतात आणि स्वभाव बिघडतो. जी समज आपण बैलाबाबत दाखवतो, ती कुत्र्याबाबत दाखवीत नाही. त्याचे दावे सुटतच नाही.

कुत्र्याने बाहेर राहण्यात गैर आहे, असे मी म्हणत नाही. आपल्याकडच्या धनगराचा कुत्रा जन्मभर बाहेरच असतो. ऊन, वारा, पाऊस तो अंगावर घेतो. पण तो मेंढरांबरोबर दिवसाला कोसच्या कोस चालतो, रात्री वाड्याभोवती हिंडतो, आणि माणसांच्या शेकोटीजवळ बसतो. त्याला काम आहे आणि सोबत आहे. कुत्रा हा कळपाने राहणारा प्राणी; हजारो वर्षांपूर्वी तो माणसाजवळ आला, तेव्हा माणसालाच त्याने आपला कळप मानले. म्हणून अंगणातल्या मोत्याला उन्हापावसाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक जाच होतो तो एकटेपणाचा. दाराआड घरची माणसे बोलतात, हसतात, जेवतात. ते सारे त्याला ऐकू येते, वास येतो. आणि साखळी चार फूटच असते.

आता शरीराच्या हालांकडे वळू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो तळपायांना. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. त्याच्या अंगाचे तापमान मुळात एकशे एक ते एकशे दोन फॅरनहाइटच्या आसपास असते. ते एकशे पाच-सहाच्या वर चढले, की जिवावर बेतते. वैशाखातल्या दुपारी पत्र्याखाली बांधलेल्या कुत्र्याची कल्पना करा. सकाळी सावली असलेली जागा दुपारी उन्हात येते. मोकळा कुत्रा उठून सावलीला जाईल, बांधलेला कसा जाणार? पाण्याचे भांडे साखळीच्या हिसक्याने उलटलेले असते. वीस किलो वजनाच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटरभर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ अधिक. त्यात अंगावर दाट केस असलेली थंड मुलुखातली जात हौसेने आणून नागपूर-अकोल्याच्या उन्हात बांधणारे लोक आहेत. त्यांना काय म्हणावे?

पावसाळ्यात दुसरे दुखणे. ओल्या जागी बसून कातडीला खाज सुटते, केस झडतात. गोचिडांची पैदास वाढते, आणि त्यांच्यामार्फत होणारा ताप कुत्र्याचे रक्त कमी करीत जातो. गळ्यातला पट्टा ही आणखी एक गोष्ट. पिल्लाला घातलेला पट्टा, पिल्लू वाढले तरी कुणी सैल करीत नाही. तो हळूहळू कातडीत रुततो, जखम होते, माश्या बसतात आणि अळ्या पडतात. वरून केस असल्यामुळे वास सुटेपर्यंत ते कुणाच्या ध्यानात येत नाही. हे मुद्दाम केलेले क्रौर्य नसते. रोज हात फिरवायला कुणाला सवड नसते, एवढेच. पण कुत्र्याला होणाऱ्या वेदनेत त्यामुळे काही फरक पडत नाही. आणि दिवाळीत फटाके वाजू लागले, की भेदरलेले कुत्रे पळायला पाहते. साखळी खांबाला गुंडाळली जाऊन गळफास बसण्याचा धोका असतो तो अशाच वेळी.

कुणी म्हणेल, “हे सगळं खरं, पण मोकळा सोडला आणि कुणाला चावला तर?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र आपण समजतो तसे नाही. भ्यालेल्या कुत्र्यापुढे दोन वाटा असतात: पळून जाणे, नाहीतर अंगावर जाणे. साखळी त्यातली पहिली वाट बंद करते. राहिली दुसरी. मुलांचा चेंडू घरंगळत त्याच्या वर्तुळात जातो, मूल वाकून तो उचलायला जाते, आणि अनर्थ होतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या पाळीव कुत्र्यांची तुलना करणारा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. अंगणात साखळीने बांधल्या जाणाऱ्या कुत्र्यांकडून चावा होण्याचा संभव त्यात सुमारे पावणेतीन पट आढळला. आता, मुळात तापट कुत्रेच बांधले जात असतील, अशीही शंका घेता येईल. एवढ्यावरून सगळा दोष साखळीचा ठरत नाही. पण बांधला म्हणजे धोका टळला, हा आपला समज तरी त्यापुढे टिकत नाही.

पिसाळण्याचेही तसेच आहे. साखळी हे रेबीजवरचे औषध नव्हे. पिसाळलेला कुत्रा अंगणात शिरला, तर मोकळा प्राणी पळू शकतो; बांधलेला जागच्या जागी चावला जातो. रेबीजवरचा खरा उपाय म्हणजे लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे वेळच्या वेळी. आणि कुणालाही कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही जखमेत भरायचे नाही.

आता राखणीचा मुद्दा. कारण “राखणीलाच तर ठेवलाय” हे शेवटचे उत्तर असते. राखणदार म्हणजे फिरता पहारा. मागच्या दाराशी चोर आला, तर पुढच्या खांबाला बांधलेला कुत्रा भुंकण्यापलीकडे काय करणार? आणि तो तर दिवसभर पाखरावर, पानावर, पेपरवाल्यावर भुंकतच असतो. त्यामुळे रात्री तो भुंकला, तर घरातले कूस बदलून झोपतात.

जुन्नर, अकोले या उसाच्या पट्ट्यात तर ही चूक फारच महागात पडते. तेथे बिबट्या उसात राहतो. वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. खाल्लेल्या प्राण्यांच्या वजनाचा हिशेब मांडला, तेव्हा त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. म्हणजे वस्तीवर रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा हा राखणदार नसून बिबट्याला दारापर्यंत आणणारे आमिष आहे. बिचाऱ्याला पळताही येत नाही. त्या भागात कुत्रा रात्री मजबूत दाराच्या खोलीत, निदान बंद गोठ्यात घेतलाच पाहिजे. त्यात त्याचे रक्षण आहे आणि घरातल्या पोराबाळांचेही.

हा नुसता दयेचा प्रश्न आहे असेही कुणी समजू नये. तो कायद्याचा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा. राज्यसभेच्या सदस्या आणि थोर नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी आधी खासगी विधेयक आणून पाठपुरावा केला होता; पुढे १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. या कायद्याच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा सांगितला आहे. इतकेच नव्हे, तर कुत्र्याचा खास उल्लेख करून म्हटले आहे, की नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणारा मालकही गुन्हेगार आहे. पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणाऱ्यालाही तेच लागू. पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड पन्नास रुपयांपर्यंतचा. त्या काळी ती रक्कम जाणवणारी होती. जर्मनीतही नियमच आहे, की कुत्र्याला पुरेसे मोकळ्यावर फिरवून आणले पाहिजे. आपला कायदा साठ वर्षांहून जुना, आणि मुद्दा तोच. पण अंगणातली साखळी मोजायला पोलीस किती घरी जाणार? ती घरच्यांनीच मोजायची आहे.

मग करायचे काय? कुत्रा रस्त्यावर सोडून द्या, असा याचा अर्थ नाही. तसे केल्याने मोटारीखाली येणे, मारामाऱ्या, नको असलेली पिल्ले, ही नवी दुखणी उभी राहतात. उपाय साधे आहेत. सकाळी आणि संध्याकाळी अर्धा अर्धा तास त्याला दोरीने धरून फिरवून आणा. आवाराला कुंपण असेल, तर फाटक लावून त्याला आत मोकळा ठेवा. कुंपण नसेल, तर दोन खांबांमध्ये उंचावर तार ताणून तिच्यावर कडी सरकेल अशी साखळी लावा. त्याने फिरण्याची सोय भागत नाही, पण वर्तुळाची निदान लांब पट्टी होते. दोन विटा उंचीवर लाकडी खोके ठेवा, त्याचे तोंड पावसाच्या झडीकडे नको. पाण्याला न कलंडणारी जड दगडी कुंडी ठेवा आणि रोज विसळून भरा. पट्टा रुंद आणि मऊ असावा, आत दोन बोटे सहज जावीत. नसबंदी करून घ्या. आणि वर्षानुवर्षे बांधलेल्या कुत्र्याला एकदम मोकळे करू नका. आधी लांब दोरीवर, बंद आवारात, घरच्या एका माणसाच्या हाताशी, असे हळूहळू त्याला माणसांत आणा.

“एवढा वेळ कुणाला आहे?” असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी माझे भांडण नाही. वेळ नसणे हा गुन्हा नव्हे. त्यांनी कुत्रा पाळू नये, एवढेच. दाराला चांगले कुलूप लावावे, दिवा लावावा, घंटा बसवावी. कुलपाला तहान लागत नाही, आणि घंटेला एकटे वाटत नाही.

आपली परंपरा या बाबतीत मुकी नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव आपण कीर्तनात ऐकतो, दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना हात जोडतो. महाभारताच्या आरंभीच सरमा नावाच्या कुत्रीची कथा येते. जनमेजयाच्या यज्ञात तिच्या पिल्लाला काही अपराध नसताना मार बसतो, आणि ती भरल्या सभेत येऊन राजाला विचारते, की माझ्या पिल्लाने काय केले होते? राजाजवळ उत्तर नसते.

अंगणातला मोत्या तसे विचारू शकत नाही. म्हणून आज संध्याकाळी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन त्या वर्तुळाच्या कडेला क्षणभर उभे राहा, पाण्याचे भांडे पाहा, पट्ट्याखाली बोट घालून पाहा. शेजाऱ्याचा असेल तर भांडू नका, “मी फिरवून आणू का याला?” एवढेच विचारा. बहुतेक मालक हो म्हणतील. आणि दोरी हातात घेऊन तुम्ही फाटकाबाहेर पडलात, की पहिल्या दहा पावलांतच कुत्रा तुम्हाला या भाषणाहून अधिक काही सांगेल.