झाकली मूठ आणि पोलीस ठाणे



संस्थांच्या छत्राखाली झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करण्यासाठी ऑस्ट्रेलियात २०१३ साली राष्ट्रीय आयोगाचे काम सुरू झाले. ८,००० हून अधिक पीडितांनी आयुक्तांना एकांतात भेटून आपली व्यथा कथन केली. डिसेंबर २०१७ मध्ये १७ खंडांचा अहवाल सादर झाला. तक्रार येताच पाद्र्याची अन्यत्र बदली करण्याची कॅथलिक चर्चची रीत त्यात उघडी पडली. यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या दप्तरी तर १९५० पासूनच्या १,००६ संशयितांच्या नोंदी होत्या. त्यांपैकी एकाचेही नाव पंथाने पोलिसांना कळविलेले नव्हते. आरोपीने कबुली दिली नाही, तर दोन साक्षीदार हवेत, हा त्यांचा दंडक! असे दुष्कृत्य कोणी साक्षीदारांसमक्ष करते काय?

हे वाचून हिंदू समाजाने सुटकेचा निःश्वास टाकण्याचे कारण नाही. त्याच आयोगाने डिसेंबर २०१४ मध्ये मँग्रोव्ह माउंटन येथील सत्यानंद योग आश्रमाची जाहीर सुनावणी घेतली. बालपण तेथे काढलेल्या व्यक्तींनी १९७० आणि १९८० च्या दशकांतील अत्याचार प्रौढ वयात कथन केले. भगवे वस्त्र आणि गुरुवचनावरील निष्ठा यांपुढे लेकरांचा शब्द हलका ठरला होता. पंथ निराळे, देश परका. पण ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही वृत्ती तीच.

भारतात कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मठ, मदरसा, चर्च, वसतिगृह, कोणालाही सूट नाही. माहिती दडविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, तर हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

तरीही विश्वस्त मंडळाची बैठक बोलावली जाते, ‘आधी शहानिशा करू’ असे ठरते आणि पालकांना सबुरीचा सल्ला मिळतो. हेतू कदाचित शुद्धही असेल. पण तेवढ्या अवधीत पुरावा नाहीसा होतो आणि मुलावर दडपण येते. तपास हे पोलिसांचे काम आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे, आणि गुन्हा घडण्याची शक्यता वाटली तरी ती कळवावी, असे हेच कलम सांगते.