अफूच्या पाशांतील माता व तिचें बालक

(कंधार येथें महोत्सवानिमित्त झालेलें भाषण)



ह्या मंगल प्रसंगीं असा अप्रिय विषय कां, असें कित्येकांस वाटेल. परंतु जें दुःख घरांत झांकून ठेविलें जातें, तें सभेंत उच्चारल्यावांचून त्याचा भार हलका होत नाहीं. गर्भवती स्त्रीस अफूचें अथवा तत्सम औषधांचें व्यसन असल्यास तिच्याशीं आपण कसें वागावें, एवढाच आजचा प्रश्न आहे.

अफू आपल्याकडे नवी नव्हे. मुंबईच्या कापडगिरण्यांतील स्त्रिया कामावर जातांना तान्ह्या मुलास अफूची बाळागोळी देत, म्हणजे तें निजून राही. सन १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स ह्या बाईंनीं चौकशी केली, तेव्हां ह्या कामगार स्त्रियांच्या शेंकडा ९८ अर्भकांस अफू दिली जात असल्याचें त्यांनीं नमूद केलें. त्या माता निर्दय नव्हत्या. त्यांना दुसरी सोय नव्हती. बाळंतपणांत गिरणीकामगार स्त्रीस कांहीं रक्कम मिळावी, असा कायदा मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं झाला. मातेस दोष देण्यापेक्षां तिची सोय पाहावी, हा ह्यांतील बोध.

आज औषधाव्यतिरिक्त अफूस मनाई आहे. तरी त्याच गुणाचीं द्रव्यें निराळ्या रूपांनीं घरांत शिरतात. ट्रॅमाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या, कोडीन असलेलें खोकल्याचें औषध, शहरांतील ब्राउन शुगर, हीं त्यांपैकींच होत.

अशा स्त्रीस दिवस गेले म्हणजे वडील मंडळी तिला शपथ घालतात, "पोटच्या लेंकरासाठीं आजच्या आज सोड." हेतु चांगला, पण मार्ग घातक. रोजची मात्रा एकाएकीं तुटली तर वांत्या, अंगदुखी व तळमळ सुरू होते. अकालीं प्रसूतीचा व गर्भ दगावण्याचा धोका संभवतो. आणि बहुधा शपथ मोडून व्यसन पुन्हा जडतें. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं सांगितलें कीं, गर्भवतीस ब्युप्रेनॉर्फीन किंवा मेथाडोन डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मोजून द्यावें. हें एका व्यसनाच्या जागीं दुसरें नव्हे काय? नव्हे. योग्य मात्रेनें नशा चढत नाहीं व तळमळही होत नाहीं. माता वेळेवर जेवते, तपासणीस जाते, आणि गर्भास सोसावे लागणारे चढउतार थांबतात.

जन्मल्यावर पहिल्या कांहीं दिवसांत असें बालक थरथरतें, किंचाळून रडतें, नीट दूध पीत नाहीं. हें भूतबाधेचें लक्षण नव्हे, शापाचेंही नव्हे; त्यावर उपचार आहे. म्हणून प्रसूति रुग्णालयांतच व्हावी आणि डॉक्टरांपासून कांहीं लपवूं नये. शांत खोली, आईच्या उराची ऊब आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर आईचेंच दूध, हे पहिले उपाय. लागल्यास मोजकें औषध. ह्या पद्धतीनें अमेरिकेंत बालकें सरासरी पंधराऐवजीं आठ दिवसांत घरीं जाण्याजोगीं झालीं, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें.

त्या बालकाचें पुढील भवितव्य मात्र बव्हंशीं घरावर अवलंबून आहे. त्याची दृष्टि, श्रवण व वाचा वेळोवेळीं तपासून घ्यावी. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अठरा वर्षांपर्यंत ही सोय आहे. त्यास अंगणवाडींत व शाळेंत धाडावें. "अफूचें पोर" हा शब्द कोणाच्याही तोंडून निघूं नये. आणि पति व्यसनी असेल तर उपचार त्यालाही हवेत. नाहीं तर विष पुन्हा त्याच उंबऱ्यावरून आंत येईल.

आपलें कर्तव्य कोणतें? फादर जोसेफ परेरा यांनीं १९८१ सालीं वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्यें कृपा फाउंडेशनचें कार्य आरंभिलें, डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यास मुक्तांगण उभारलें. आपणांस एवढें मोठें करावयाचें नाहीं. तिला नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत सोबत न्यावें, एस.टी.चें भाडें द्यावें, तोंवर तिचीं थोरलीं मुलें सांभाळावीं. १४४४६ ह्या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. पोलिसांची धास्ती असेल तर सांगावें कीं, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत स्वेच्छेनें मान्य संस्थेंत उपचार घेणाऱ्या व्यसनी मनुष्यास १९८५ च्या कायद्याचें कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देतें.

तेव्हां अशी भगिनी दाराशीं आली तर तिला शपथ घालूं नका. तिच्याबरोबर दवाखान्याची वाट चाला. एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.